भेरूलालकडचा तवा

तवा आमचाच, पण आमच्या घरात तो कधी आला नाही.
मल्हारगंजातली खोली देताना
कासलीवालशेठनी एकच अट घातली होती :
भाडं दोन दिवस मागेपुढे चालेल,
मच्छी नको.
दादांनी मान डोलावली.
आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.
ती पेणची. मासेवालीला दारात बसवून
टोपलीतला तळचा मासा वर काढायला लावणाऱ्यांतली.

म्हणून रविवारी लॅम्ब्रेटा.
पुढे उभी मी, मागे आई,
तिच्या मांडीवर पिशवी : पुडीत रवा, तिखट, हळद,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तेल,
आणखी एका बाटलीत मामानं धाडलेलं आगळ,
ते ती थेंबानं मोजायची.
हातोदच्या रस्त्यानं यशवंतसागर.
तिथे भेरूलाल, तलावावरचा चौकीदार,
त्याच्या झोपडीच्या कुडात खोचलेला आमचा तवा,
एका अंगाला पोचा पडलेला.
तवा सांभाळायचे त्याचे चार मासे.
मोठे चार, असं तो म्हणायचा.
मोठे नसायचेच.

बोटाएवढे सगळे. पाठ शेवाळी, पोटाला कल्हई.
‘ही कसली मासळी,’ आई म्हणायची,
‘ही तर मासळीची बाराखडी.’
तरी गळाला कणीक तीच लावायची,
चिमूटभर हिंग घालून मळलेली,
आणि पाण्यावरचा मोरपिसाचा देठ
जरासा दचकला
की दादांच्या आधी तिचा हात उठायचा.

एका रविवारी सुगन आला. शेठांचा धाकटा.
‘पोहायला शिकवतो त्याला,’
दादांनी खाली सांगितलं होतं.
त्याला पाण्याची भीती. तो बादलीपाशी बसला,
मांडी घालून, देवळात बसल्यासारखा.

दुपारी आईनं विचारलं, किती झाले?
एकवीस, दादा म्हणाले.
बादलीत निघाले चौदा.
मी बघितलं होतं :
सुगनचा हात बादलीत जायचा,
मूठ होऊन बाहेर यायचा,
काठाच्या पाण्यात बुडून उघडायचा.
दादांनीही बघितलं होतं.
ते गळ टाकत राहिले, त्याच जागी, पुन्हा पुन्हा.
‘चुकलं असेल मोजताना,’ म्हणाले,
कापडगिरणीत बावीस वर्षं हिशेब लिहिणारा माणूस.

मग तीन दगड, बाभळीच्या काटक्या, अर्धी गोवरी.
पोच्यात तेल साचायचं, तिथे मासे आधी लाल व्हायचे.
रवा तडतडला, शेपट्या वर वळल्या,
आणि धूर, कुठेही बसा, सुगनकडेच जायचा.
तो उठून जागा बदलायचा, धूर मागोमाग.
त्यानं गूळपोळी खाल्ली, आमच्याकडे पाठ करून.
आम्ही पळसाच्या पानावर, काट्यासकट,
जीभ भाजत, बोलायला सवड नाही.
आईच्या ओठाला रवा लागलेला.
‘मातीचा वास येतो,’ ती म्हणाली
आणि पाचवा उचलला.

घराच्या वळणाआधी स्कूटर थांबायची.
आई माझे हात बेसनानं, लिंबानं चोळायची,
तोंडात बडीशेप कोंबायची,
केससुद्धा हुंगायची.
सुगनचे हात कुणाच्या ध्यानातच आले नाहीत.
त्यानं खाल्लं कुठे होतं?

ओट्यावर शेठाणी. ‘कां गयो थो रे?’ म्हणत
तिनं त्याचा हात हातात घेतला,
आणि थांबली.
हात नाकाशी नेला. मग दुसरा.
माझ्याकडे बघितलं, मी बडीशेप चावत होते.
आईकडे बघितलं.
आई म्हणाली, तिच्या त्या पेणच्या हिंदीत,
‘खाया नहीं वो. छोड्या सब.’
आणि पदराआडून अर्धं लिंबू पुढे केलं.

आत शेठांची चप्पल वाजली.
शेठाणीनं लिंबू घेतलं.
नळाखाली किती वेळ चोळत होती,
सालीचा चोथा झाला तरी.

पुढच्या रविवारी सुगन आमच्याआधी
स्कूटरपाशी येऊन उभा.
सदऱ्याच्या खिशाला फुगवटा.
‘मम्मीनं दिलं,’ म्हणाला, ‘अख्खं.’

त्या दिवशी भेरूलालला पाच द्यावे लागले.
का, ते आता आठवत नाही.